लाकडी मोजपट्टी आणि वाघ : 'सनबीम टायगर'च्या इंजिनबदलाचा इतिहास

१/
१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोटारविक्रेत्यांच्या दालनांत एक गृहस्थ लाकडी मोजपट्टी घेऊन हिंडत होते. मांडलेल्या गाड्यांतील इंजिनांची लांबी-रुंदी मोजायची आणि पुढच्या दालनाकडे वळायचे, एवढेच त्यांचे काम. त्यांचे नाव वॉल्टर मॅकेन्झी. ब्रिटनच्या रूट्स समूहाच्या तेथील सेवा विभागाचे ते व्यवस्थापक होते. एका लहान इंग्रजी स्पोर्ट्स गाडीच्या पोटात मावेल असे अमेरिकी व्ही-८ इंजिन त्यांना हवे होते. त्या शोधातून 'सनबीम टायगर' ही गाडी जन्मली. तिचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
एका गाडीचे इंजिन काढून त्या जागी दुसऱ्याच गाडीचे, बहुधा मोठे, इंजिन बसवणे हा उद्योग मोटारीइतकाच जुना आहे. आपल्याकडेही जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलेले अनेकांनी पाहिले असेल. पाहणाऱ्याला वाटते, इंजिन मावले की काम झाले. प्रत्यक्षात काम तिथे सुरू होते. मूळ गाडीतील प्रत्येक भाग मूळ इंजिनाच्या वजनाशी, रुंदीशी आणि ताकदीशी बेतलेला असतो. इंजिन बदलले की तो सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. टायगरचा इतिहास म्हणजे अशा हिशेबांची मालिका आहे.

३/
आधी पार्श्वभूमी. रूट्स हा विल्यम आणि रेजिनाल्ड या दोन बंधूंनी उभारलेला कुटुंबप्रधान उद्योग. मोटारविक्रीपासून सुरुवात करून त्यांनी हिलमन, हंबर, सनबीम, सिंगर अशा एकामागून एक नामांकित कंपन्या पंखाखाली घेतल्या. या समूहाचा आपल्याशीही संबंध आहे : १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली 'ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' ही कंपनी मुळात रूट्सचीच. पुढे ती दुसऱ्या हाती गेली आणि तिची 'लॅम्ब्रेटा' स्कूटर भारतीय रस्त्यांवर घराघरांत ओळखीची झाली.

४/
१९५९ मध्ये रूट्सने 'सनबीम आल्पाइन' ही दोन आसनी उघडी गाडी बाजारात आणली. मागच्या बाजूला शेपटासारखे उठावदार पंख, आत बसायला ऐसपैस जागा, दिसायला अतिशय देखणी. १९६२ च्या 'डॉक्टर नो' या पहिल्या जेम्स बाँडपटात नायक जमैकाच्या डोंगरवाटांवर हीच गाडी हाकतो. उणीव एकच होती. तिचे चार सिलिंडरांचे सुमारे १.६ लिटरचे इंजिन जेमतेम ८० अश्वशक्ती देई. रूप स्पोर्ट्स गाडीचे आणि बळ घरगुती गाडीचे, ही टीका अमेरिकी गिऱ्हाईक उघडपणे करी. विक्रीची मोठी आशा तर अमेरिकेवरच होती.

५/
नवे, मोठे इंजिन घडवण्याइतका पैसा रूट्सकडे नव्हता. १९६१ मध्ये लंडनच्या अ‍ॅक्टन भागातील त्यांच्या पत्राकामाच्या कारखान्यात दीर्घ संप झाला आणि समूहाचे कंबरडे मोडले. त्यातच स्कॉटलंडमधील लिनवूड येथे 'हिलमन इम्प' या छोट्या गाडीसाठी संपूर्ण नवा कारखाना उभा राहत होता. जी काही पुंजी होती ती तिकडे गुंतली होती. आल्पाइनला बळ द्यायचे तर ते उसने आणणे भाग होते.

६/
उसन्या बळाचा एक नमुना नुकताच समोर आला होता. सरे परगण्यातील थेम्स डिटन येथील 'एसी कार्स' ही छोटी कंपनी 'एस' नावाची हलकी स्पोर्ट्स गाडी बनवी. तिला इंजिन पुरवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीने ते इंजिन बनवणे थांबवले. सप्टेंबर १९६१ मध्ये कॅरल शेल्बी या टेक्सासच्या शर्यतपटूने एसीला पत्र लिहून विचारले : या गाडीत अमेरिकी व्ही-८ बसवता येईल का? शेल्बीने १९५९ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती, पण हृदयविकारामुळे त्याला १९६० मध्ये शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. आता त्याला स्वतःची गाडी उभी करायची होती.

७/
योगायोग असा की, फोर्डने त्याच काळात एक नवे व्ही-८ आणले होते. ओतकामाच्या सुधारित पद्धतीमुळे त्याच्या बिडाच्या भिंती पातळ ठेवता आल्या होत्या, त्यामुळे ते आठ सिलिंडरांचे असूनही आटोपशीर आणि तुलनेने हलके होते. आधी २२१ घनइंचांचे, मग २६० घनइंचांचे म्हणजे सुमारे ४.३ लिटरचे. १९६२ च्या आरंभी ते एसीच्या सांगाड्यात बसले आणि 'कोब्रा' तयार झाली. मोटारींच्या इतिहासातील हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध इंजिनबदल.

८/
कोब्राने एक धडाही दिला. नव्या इंजिनाची ताकद जुन्या डिफरन्शियलला पेलणारी नव्हती, म्हणून जॅग्वारच्या ई-टाइपमध्ये वापरले जाई त्या घराण्यातील सॅलिसबरी कंपनीचे दणकट डिफरन्शियल बसवावे लागले. ऑक्टोबर १९६२ मध्ये रिव्हरसाइड येथे कोब्रा पहिल्यांदा शर्यतीत उतरली. बिली क्राउस आघाडीवर होता, आणि नेमका तेव्हा मागच्या चाकाचा आखूड दांडा तुटला. इंजिनाचे काही बिघडले नव्हते. त्याची ताकद पुढे वाहून नेणाऱ्या साखळीतील पुढची कडी तुटली होती. इंजिनबदलाचा हा पहिला नियम मानायला हरकत नाही : बळ वाढवले की दुर्बळता नाहीशी होत नाही, ती पुढच्या सांध्याकडे सरकते.

९/
आता पुन्हा रूट्सकडे. आल्पाइनमध्ये फोर्डचे व्ही-८ बसवावे, ही सूचना जागतिक विजेता शर्यतपटू जॅक ब्रॅबहॅम याने रूट्सच्या स्पर्धा विभागाचे प्रमुख नॉर्मन गॅरड यांना केली. त्यांनी ती आपला मुलगा इयन याच्या कानावर घातली. इयन गॅरड हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील रूट्सचा विक्री व्यवस्थापक, आणि शेल्बीची कार्यशाळा त्याच्या घरापासून फारशी लांब नव्हती. त्यानेच मॅकेन्झींना मोजपट्टी देऊन धाडले. मॅकेन्झी परतले ते हेच उत्तर घेऊन : फोर्डचे २६० घनइंचांचे इंजिन मावेलसे दिसते.

१०/
हे उत्तर वाटते तितके साधे नव्हते. त्या इंजिनाची लांबी आल्पाइनच्या चार सिलिंडरांच्या इंजिनापेक्षा केवळ साडेतीन इंच जास्त होती, कारण व्ही-८ मध्ये सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत तिरके बसतात. अडचण लांबीची नव्हती, रुंदीची होती. दोन्ही बाजूंना पसरलेल्या रांगा, त्यांच्या बाहेरून निघणाऱ्या धुराच्या नळ्या आणि वजन सुमारे २०० किलो. शिवाय त्याचा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लगला वेळेवर वीज वाटून देणारा भाग, इंजिनाच्या पुढच्या टोकाला होता. ही बाब तेव्हा कुणाला फार महत्त्वाची वाटली नसेल. तिचे महत्त्व चार वर्षांनी कळले.

११/
शेल्बीने नमुना गाडीसाठी १०,००० डॉलर आणि आठ आठवडे मागितले. गॅरडला तेवढा धीर नव्हता. कल्पना मुळात चालते की नाही हे आधी पाहावे म्हणून त्याने केन माइल्स याला गाठले. माइल्स हा मूळचा इंग्रज, लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झालेला शर्यतपटू आणि हाताने गाड्या घडवणारा अव्वल कारागीर. त्याला ८०० डॉलर, एक आल्पाइन, एक व्ही-८ आणि दोन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स देण्यात आला. सुमारे आठवड्याभरात गाडी रस्त्यावर धावत होती.

१२/
माइल्सच्या गाडीने एका प्रश्नाचे उत्तर दिले : हे शक्य आहे. विकण्याजोगी गाडी मात्र वेगळी असते. तिला उन्हात गर्दीत उभे राहावे लागते, खड्ड्यांतून जावे लागते, आणि तिच्या मालकाला मोटारविद्येची काडीइतकी माहिती नसते. ते दुसरे काम शेल्बीकडे गेले. त्यासाठीचे १०,००० डॉलर समूहाच्या विक्रीचे प्रमुख ब्रायन रूट्स यांनी मंजूर केले, तेही आपले वडील लॉर्ड रूट्स यांना पत्ता लागू न देता. समूहाची प्रत्येक गाडी घरातच घडली पाहिजे, असा थोरल्यांचा दंडक होता. बाहेरच्या माणसाकडे काम सोपवण्याची परंपराच तेथे नव्हती.

१३/
एप्रिल १९६३ मध्ये शेल्बीच्या कार्यशाळेत काम सुरू झाले आणि महिनाअखेर पांढऱ्या रंगाची नमुना गाडी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर फिरू लागली. या कामातील पहिली मोठी गाठ स्टिअरिंगची. आल्पाइनच्या स्टिअरिंगची यंत्रणा जुन्या पद्धतीची होती : एका पेटीत गोळ्यांवर फिरणारा आटा आणि तिथून चाकांपर्यंत जाणाऱ्या जोडदांड्या. रुंद व्ही-८ आणि त्याचे तेलपात्र आले तेव्हा या पसाऱ्याला जागाच उरली नाही. म्हणून तो संपूर्ण काढून टाकण्यात आला आणि एमजीच्या गाडीतील रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी दांडा आणि दातेरी चाकाची आटोपशीर यंत्रणा, इंजिनाच्या पुढे बसवली गेली.

१४/
जागेचा प्रश्न सुटला, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या. त्यामुळे आतले चाक किंचित जास्त वळले पाहिजे. ही योजना चाकांना जोडलेल्या स्टिअरिंगच्या भुजांच्या कोनातून साधली जाते. दांडा मागून पुढे नेला की हे कोन उलटतात, आणि ते नीट करायचे तर भुजा बाहेरच्या दिशेला, चाक आणि ब्रेक असतात तिथेच न्याव्या लागतात. टायगरमध्ये तडजोड झाली. अगदी आखूड वळणावर पुढची चाके घासत जातात, ही तक्रार तिचे मालक आजही करतात.

१५/
दुसरी गाठ मागच्या आसाची. जुन्या आल्पाइनचे डिफरन्शियल इंजिनाच्या जवळपास चार फेऱ्यांना चाकाची एक फेरी देई, कारण तिच्या लहान इंजिनाला जोर काढायला भरपूर फिरावे लागे. व्ही-८ चा स्वभाव निराळा. त्याचा जोर कमी फेऱ्यांतच येतो आणि मिनिटाला ४,४०० फेऱ्यांवर त्याची कमाल १६४ अश्वशक्ती मिळते. म्हणून सॅलिसबरीचा मजबूत आस आला आणि प्रमाण २.८८ वर आणले गेले. वेग तोच राखताना इंजिन आता बरेच सावकाश फिरू लागले. अश्वशक्ती दुपटीवर गेली, तरी महामार्गावर गाडी शांत वाटे याचे कारण हेच.

१६/
मागचा आस पानपट्ट्यांच्या स्प्रिंगांवर लटकलेला होता. दुप्पट जोर आला तेव्हा तो वळणावर आडवा सरकू पाहे. त्याला आवर घालण्यासाठी एका टोकाला आस आणि दुसऱ्या टोकाला गाडीचा सांगाडा यांना बांधणारा एक आडवा दांडा, 'पॅनहार्ड रॉड', बसवला गेला. पुढचे स्प्रिंग वाढलेल्या वजनाला साजेसे ताठ झाले. बॅटरी मागच्या आसनाखालून डिकीत गेली आणि जादाचे चाक डिकीतील खोट्या तळाखाली आडवे झोपले. मोठे इंजिन पुढे बसवण्यासाठी गाडीच्या मागच्या टोकापर्यंत असे फेरबदल करावे लागले. चाके मात्र १३ इंचीच राहिली.

१७/
जुलै १९६३ मध्ये नमुना गाडी जहाजाने इंग्लंडला पोहोचली. लॉर्ड रूट्स यांना सगळा प्रकार कळला तेव्हा ते रुष्ट झाले, असे सांगतात. मात्र गाडी स्वतः चालवून पाहण्याचा त्यांनी आग्रह धरला. चालवून उतरल्यावर त्यांनी थेट हेन्री फोर्ड दुसरे यांच्याशी बोलणी करून इंजिनांचा सौदा ठरवला. पहिली मागणी ३,००० इंजिनांची. गाडी एप्रिल १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात मांडायची, असा निर्णय झाला. म्हणजे हाती जेमतेम आठ महिने, तेही अशा कंपनीत जिथे कल्पनेपासून विक्रीपर्यंत तीन-चार वर्षे लागत.

१८/
गाडी बनवण्याचे कंत्राट आपल्याला मिळेल, अशी शेल्बीची अपेक्षा होती. फोर्डशी असलेली त्याची जवळीक रूट्सला खटकली. त्याला प्रत्येक गाडीमागे मानधन देऊन बाजूला ठेवण्यात आले. जुळणीचे काम इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच येथील जेन्सन कंपनीला गेले. व्होल्वोच्या एका गाडीच्या जुळणीचे काम नुकतेच हातचे गेल्यामुळे जेन्सनकडे जागा आणि माणसे मोकळी होती. काउली येथे तयार झालेले, रंगवलेले सांगाडे तिथे येत, आणि अमेरिकेहून फोर्डची इंजिने व गिअरबॉक्स येत.

१९/
इथे टायगरच्या इतिहासातील सर्वांत बोलका तपशील येतो. आल्पाइनचा पत्रा ठोकण्याचे साचे बदलणे अतिशय खर्चिक होते. त्यामुळे रंग देऊन चकाकणारा नवा कोरा सांगाडा जेन्सनच्या कारखान्यात आला की, इंजिन आणि चालक यांच्यामधील आडव्या पत्र्याच्या भिंतीवर कामगार मोठा घण घालून ती आत दाबत. एवढे केल्यावरच व्ही-८ जागेवर बसे. तपशीलवार रेखाचित्रे, मोजमापे, चाचण्या हे सगळे झाल्यावर शेवटच्या काही इंचांचा प्रश्न घणाने सोडवला जात होता. कारखान्यात बनलेल्या गाडीतही इंजिनबदलाची ही मूळ गॅरेजी रीत शिल्लक राहिली होती.

२०/
जागेची ही ओढाताण पुढे दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला आली. इंजिनाच्या डाव्या रांगेतील मागच्या स्पार्क प्लगापर्यंत बॉनेटकडून हात पोहोचेना. म्हणून त्या आडव्या भिंतीला एक भोक पाडून त्यावर रबराचे बूच बसवले गेले. प्लग बदलायचा तर आसनाच्या बाजूने गालिचा उचलायचा, बूच काढायचे आणि भोकातून पाना आत घालायचा. तेलाची गाळणी इंजिनाच्या डाव्या तळाशी होती तिथे मावेना, तेव्हा ती उजवीकडे वर, जनित्रामागे हलवण्यात आली.

२१/
एक प्रश्न मात्र पुरता कधीच सुटला नाही : उष्णता. रेडिएटर नवा आणि अधिक क्षमतेचा बसवला, तरी तो केवळ अर्धा उपाय असतो. समोरून आत आलेली हवा मागून बाहेर पडली तरच थंडावा मिळतो. टायगरच्या पोटात इंजिन इतके ठासून बसले होते की गरम हवेला वाट उरली नव्हती. गर्दीत उभ्या गाडीच्या तापमानाचा काटा चढू लागे. मालकांनी पुढील अनेक दशके पंखे, पंख्याभोवतीचे पन्हाळे आणि मोठे रेडिएटर असे नाना प्रयोग केले. ज्याने कोंदट खोलीत खिडकी न उघडता नुसता पंखा लावून पाहिला आहे, त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

२२/
गाडीचे नाव 'टायगर' ठरले ते जुन्या अभिमानातून. मार्च १९२६ मध्ये हेन्री सीग्रेव्ह याने इंग्लंडमधील साउथपोर्टच्या वाळूवर १२ सिलिंडरांच्या सनबीम गाडीतून ताशी १५२ मैलांचा जागतिक वेगविक्रम केला होता. त्या गाडीचे नाव टायगर. नवी गाडी ताशी सुमारे १२० मैल जाई आणि अमेरिकेत तिची किंमत ३,४९९ डॉलर होती. एवढ्या पैशांत एवढा वेग देणाऱ्या गाड्या तेव्हा मोजक्याच होत्या. जून १९६४ मध्ये जेन्सनच्या कारखान्यातून पहिल्या टायगर बाहेर पडू लागल्या.

२३/
त्याच जूनमध्ये दोन घटना घडल्या. पहिली ल मान्सची. बंद छताच्या दोन खास टायगर त्या शर्यतीत उतरल्या आणि दोन्हींची इंजिने शर्यत अर्ध्यावर पोहोचण्यापूर्वीच निकामी झाली. इंजिने पुरवणाऱ्या शेल्बीने पुढे रूट्सला पैसे परत केले. टायगरचे नशीब रॅलीतही विचित्र निघाले : १९६५ च्या आल्प्स रॅलीत टायगर पहिली आली, पण झडपा नोंदवलेल्या मापापेक्षा लहान निघाल्या म्हणून बाद झाली. वास्तविक लहान झडपांनी इंजिनाचा श्वास कोंडतो, लाभ होत नाही. नियमाला मात्र माप चुकले एवढेच दिसते.

२४/
दुसरी घटना निर्णायक होती. आर्थिक ओढग्रस्तीतील रूट्समध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने मोठा हिस्सा विकत घेतला. म्हणजे फोर्डचे इंजिन पोटात घेऊन धावणारी गाडी आता फोर्डच्या प्रतिस्पर्ध्याची झाली. गाडीच्या अंगावर 'फोर्ड २६० ची शक्ती' असे सांगणारी पट्टी होती. ती काढून 'सनबीम व्ही-८' अशी पट्टी आली. नाव पुसणे सोपे होते, इंजिन बदलणे नव्हे. डिसेंबर १९६४ मध्ये लॉर्ड रूट्स यांचे निधन झाले आणि ज्यांच्या शब्दावर फोर्डचा सौदा झाला होता तो माणूसही उरला नाही.

२५/
क्रायस्लरकडे स्वतःचे व्ही-८ होतेच. २७३ घनइंचांचे, म्हणजे जवळपास तेवढ्याच क्षमतेचे. ते टायगरमध्ये बसवले की प्रश्न मिटला, असे कुणालाही वाटेल. बसेना. ते फोर्डच्या इंजिनापेक्षा उंच होते, आणि त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागच्या टोकाला होता, बरोबर त्या घणाने दाबलेल्या भिंतीपाशी. क्रायस्लरच्या ज्या इंजिनांचा डिस्ट्रिब्यूटर पुढे होता, ती आकाराने आणि वजनाने फारच मोठी. मूठभर आकाराच्या एका भागाची जागा चुकीच्या टोकाला होती आणि तो भाग हलवायचा तर गाडीचा पुढचा भागच नव्याने आखावा लागला असता.

२६/
१९६७ मध्ये क्रायस्लरने रूट्सचा पूर्ण ताबा घेतला आणि त्याच वर्षी टायगरचे उत्पादन थांबले. अखेरच्या काळात फोर्डचेच २८९ घनइंचांचे इंजिन घेऊन काहीशे गाड्या निघाल्या. एकूण संख्या सुमारे ७,०००. खप अगदीच बसला म्हणून ही गाडी बंद पडली नाही. तिला चालवणारे हृदय परक्या घरचे होते आणि घरचे हृदय तिच्या छातीत मावत नव्हते. पुढे १९७८ मध्ये क्रायस्लरनेही आपला युरोपातील कारभार फ्रान्सच्या पेजो समूहाला विकला. रूट्स हे नाव त्याआधीच, १९७० मध्ये, कंपनीच्या पाटीवरून उतरले होते.

२७/
इतिहासाच्या अभ्यासकाला या गाडीचा आणखी एक पैलू रंजक वाटेल. टायगरची किंमत वाढत गेली तसे साध्या आल्पाइनमध्ये व्ही-८ बसवून ती टायगर म्हणून खपवण्याचे प्रकार सुरू झाले. जाणकार अशा गाडीला 'आल्जर' म्हणतात. खरी-खोटी ओळखायची कशी? कागदपत्रे बनवता येतात, क्रमांकाची पट्टी काढून लावता येते. म्हणून टायगरमालकांच्या अमेरिकी संघटनेत गाडीचे अंग तपासून निर्णय देणारे परीक्षक असतात. वितळजोडाच्या खुणा, कंस बसवण्याची रीत, कारखान्यात केलेल्या फेरबदलांचे माग हे त्यांचे पुरावे. ताम्रपटाची सत्यता पारखताना केवळ मजकुरावर न विसंबता अक्षरवटिका आणि धातू पाहतात, त्याच जातीची ही विद्या.

२८/
मोटारींचा इतिहास बहुधा मालक, शर्यतपटू आणि विक्रम यांच्या नावाने लिहिला जातो. टायगरच्या बाबतीत लॉर्ड रूट्स, हेन्री फोर्ड दुसरे आणि शेल्बी ही नावे सहज सापडतात. मॅकेन्झींच्या मोजपट्टीचा उल्लेख एखाद्या गमतीच्या किश्शाएवढा उरतो. भिंतीवर घण घालणाऱ्या वेस्ट ब्रॉमविचच्या कामगारांची नावे तर कुठेच येत नाहीत. पण करार, भांडवल आणि जाहिरात यांनी जे ठरवले ते पत्र्यात उतरवताना येणारी प्रत्येक अडचण अशाच हातांनी सोडवली. त्यांनी काय केले हे कागदावर फारसे नाही. आज शाबूत असलेल्या टायगरच्या बॉनेटखाली, त्या ठोकलेल्या पत्र्यावर, ते अजून वाचता येते. (समाप्त)